कूलंट नेमकं कुठे उकळतं आणि कधी काळजी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोट्या विमानाचं इंजिन सुमारे १०० अश्वशक्तीचं, सिलिंडर हवेनं आणि हेड (सिलिंडरच्या डोक्यावरचा भाग) कूलंटनं थंड होणारं. कूलंट म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं. चढाईत कूलंटच्या तापमानाचा मीटर ११५ °से. दाखवतो, आणि कूलंटच्या कॅनवर तर लिहिलंय की हे मिश्रण १०७ °से.ला उकळतं. मग आत कूलंट उकळतंय का? उकळत असेल तर बिनपाण्याचं कूलंट भरावं का? आणि इंजिन बंद केल्यावर हेडमधून गुरगुर ऐकू येते, ती कशाची?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. हो, उकळतंय. बहुधा प्रत्येक चढाईत उकळत असणार, आणि त्यात बिघडलेलं काही नाही. उलट ते उकळतंय म्हणूनच हेड शाबूत आहे. मात्र हे उकळणं तुम्ही समजता त्या जागी होत नाही, आणि त्याचा मीटरवरच्या ११५ शी संबंधही तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी आहे.

आधी कॅनवरच्या १०७ चा निकाल लावू. तो आकडा समुद्रसपाटीच्या उघड्या हवेतला आहे. तुमची सिस्टिम उघडी नाही, एक्स्पान्शन टँकवर (तापून फुगलेलं कूलंट सामावणारी टाकी) दाब धरणारी प्रेशर कॅप आहे. तुमच्यासारख्या हलक्या विमानांतल्या रोटॅक्स ९१२ मालिकेच्या इंजिनांत पूर्वी ०.९ बारची कॅप यायची (समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १ बार), नंतर १.२ बारची आली. १.२ बारची कॅप म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा १.२ बार जास्त, म्हणजे समुद्रसपाटीला आत एकूण सुमारे २.२ बार. या दाबाला निव्वळ पाणी १२३ °से.च्या आसपास उकळतं आणि निम्मं-निम्मं मिश्रण १३० च्या थोडं पुढे. म्हणजे ११५ ला तुमचं वाहतं कूलंट उकळीपासून १५-१६ अंश दूर आहे. ही जी तफावत आहे, तिच्यावर या उत्तरातलं जवळपास सगळं उभं आहे. मी तिला 'राखीव अंश' म्हणतो.

मग उकळतंय म्हणालो ते कुठे? हेडच्या आत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची) सीट आणि स्पार्क प्लगचं भोक यांच्यामध्ये धातूचा जो अरुंद पूल असतो, त्याच्या कूलंटकडच्या पृष्ठभागावर. हेडमधून कूलंटला मिळणारी उष्णता सगळीकडे सारखी वाटली जात नाही. इनटेकच्या, म्हणजे ताजं मिश्रण आत येतं त्या, बाजूला भिंत जेमतेम कोमट आणि एक्झॉस्टच्या पुलावर दर चौरस मीटरला लाखो वॅट, असा प्रकार असतो. उदाहरणादाखल ५ लाख वॅट धरा. तिथून वाहणाऱ्या मिश्रणाची उष्णता उचलण्याची ताकद, म्हणजे उष्णतावहन गुणांक, दर चौरस मीटरला दर अंशाला ८,००० वॅट धरा. हे आकडे हिशेबासाठी घेतलेले गोल आकडे आहेत, तुमच्या इंजिनाचे मोजलेले नाहीत, पण पट्टी बरोबर आहे. ५ लाखांना ८,००० नं भागलं की ६२ येतात. म्हणजे ११५ च्या कूलंटला एवढी उष्णता निव्वळ वाहण्याच्या जोरावर द्यायची तर भिंत १७७ °से.ला असावी लागेल. पण १३१ ला उकळी फुटते. त्यामुळे भिंत १७७ पर्यंत जातच नाही. १३१ ओलांडून पंधरा-वीस अंश वर गेली की तिच्यावरच्या बारीक खाचाखळग्यांतून बुडबुडे फुटायला लागतात आणि ती १५० च्या आसपास थबकते.

बुडबुडा एवढी उष्णता कशी नेतो? थोडी वाफ बनण्यात जाते: १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, आणि तेच पाणी १ अंशानं तापवायला अवघे ४.२. पण खरं काम घुसळण्याचं होतं. बुडबुडा भिंतीवरून सुटला की त्याच्या जागी थंड द्रव आदळतो. भिंतीला चिकटून बसलेला संथ, तापलेला थर सतत फाटत राहतो. आणि तुमच्याकडे राखीव अंश आहेत, म्हणून तो बुडबुडा मिलिमीटरभर आत गेला की भोवतालच्या थंड कूलंटमध्ये विरून जातो. रेडिएटरपर्यंत वाफ पोचत नाही, टँक फसफसत नाही, लेव्हल हलत नाही. इंजिन उकळत असतं आणि बाहेर कुणाला पत्ता नसतो.

यातून एक गोष्ट निघते, जी बऱ्याच अनुभवी लोकांनाही पटायला वेळ लागतो. समजा तुम्ही मोठा रेडिएटर बसवलात आणि मीटर ११५ वरून ९० वर आणलात. मीटर २५ अंशांनी खाली आला. पुलावरची भिंत किती थंड झाली? उकळीशिवायच्या हिशेबानं ९० अधिक ६२ म्हणजे १५२, हा आकडा उकळीच्या हद्दीतलाच आहे. म्हणजे भिंत आधी १५० च्या आसपास होती, आता फार तर चार-पाच अंश कमी. जिथे उकळी आहे तिथे भिंतीचं तापमान मीटर ठरवत नाही, आतला दाब ठरवतो. मीटर खाली आणून तुम्ही जे कमावलं ते भिंतीचं थंड होणं नव्हे, ते राखीव अंश. तेही मोलाचेच आहेत, पण कशासाठी मोलाचे हे कळायला हवं.

कारण या उकळीला वरची हद्द आहे. जपानच्या शिरो नुकियामा यांनी १९३४ मध्ये पाण्यात बुडवलेल्या तारेतून वीज सोडून हे मोजलं. वीज वाढवत गेलं की तार थोडीशीच तापत होती, बुडबुडे मात्र झपाट्यानं वाढत होते. एका टप्प्यानंतर निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार एकदम वितळून तुटली. बुडबुडे इतके दाट झाले की ते एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेचा सलग पडदा तयार झाला, आणि द्रव धातूला शिवेनासा झाला. लालबुंद तव्यावर पाण्याचा थेंब लगेच न आटता टणाटणा पळत राहतो, ते याच पडद्यामुळे. वाफ ही उष्णतेची वाईट वाहक. पडदा पडला की तीच उष्णता पलीकडे ढकलायला धातूला शेकडो अंश वर जावं लागतं. निक्रोमला ते झेपलं नाही, ॲल्युमिनियमच्या हेडला तर त्याच्या कितीतरी आधी झेपत नाही, कारण २०० °से.च्या पुढे त्या मिश्रधातूंची ताकद घसरायला लागलेली असते.

स्थिर पाण्यात, उघड्या हवेच्या दाबाला ही हद्द दर चौरस मीटरला साधारण १० लाख वॅटच्या थोडी वर आहे. कूलंट वेगानं वाहत असेल, दाब जास्त असेल आणि राखीव अंश भरपूर असतील तर हद्द आणखी वर सरकते. उलट वाहणं मंदावलं, दाब गेला, कूलंट उकळीला टेकलं, की ती खाली येते. एकाच वेळी तिन्ही झालं तर ५ लाख वॅटचा पूल, जो काल निवांत होता, आज पडद्याखाली जाऊ शकतो.

पाण्याऐवजी मिश्रण असेल तर आणखी एक बारकावा आहे. ग्लायकॉल १९७ °से.ला उकळतं, त्यामुळे बुडबुड्यात जाते ती जवळजवळ सगळी पाण्याचीच वाफ. पाणी निघून गेल्यानं भिंतीलगतचा थर ग्लायकॉलनं दाटतो आणि त्या थराचा उत्कलनबिंदू काही अंश वर चढतो. म्हणून मिश्रणाला तेवढीच उष्णता नेण्यासाठी भिंत पाण्यापेक्षा थोडी जास्त गरम लागते. गोठण्याच्या भीतीनं ७० टक्के ग्लायकॉल भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. निम्म्या मिश्रणाला उणे ३६ °से.च्या आसपासपर्यंत गोठण्याची धास्ती नसते, त्याहून जास्त ग्लायकॉल घातलं की उष्णता वाहण्याची ताकद मात्र घटते.

आता विमानाचा खास प्रश्न: उंची. प्रेशर कॅप बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते, आणि बाहेरची हवाच विरळ होत जाते. ३,००० मीटरवर हवेचा दाब सुमारे ०.७ बार उरतो. १.२ ची कॅप असली तरी आतला एकूण दाब १.९ वर येतो आणि मिश्रणाची उकळी १३१ वरून १२६ च्या आसपास. कॅप धड असेल तर नुकसान पाच अंशांचं, फार नाही. तिथे हवाही थंड असते, त्यामुळे मीटरही सहसा खाली आलेला असतो.

पण कॅप धड नसेल तर? रबर कडक झालंय, सीटवर कचरा आहे, किंवा कुठे होजच्या क्लॅम्पातून झिरपतंय आणि दाब धरतच नाही. मग ३,००० मीटरवर मिश्रण ९७ च्या आसपास उकळतं. तुमचं कूलंट ११५ ला आहे. हे अठरा अंश कुठे जाणार? दर किलो कूलंटमागे सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ होऊनच ते उतरतात. ३० ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण त्या दाबाला ३० ग्रॅम वाफ म्हणजे जवळजवळ ७० लिटर. तुमच्या अख्ख्या सिस्टिममध्ये कूलंट किती, तर काही लिटर. ती वाफ कूलंटला ढकलत ओव्हरफ्लो बाटलीतून बाहेर काढते, आणि पंपाला उरतो तो फेस.

पंप हा या साखळीतला सर्वांत हळवा दुवा. सेंट्रिफ्युगल पंप द्रव ढकलतो, वाफ ढकलू शकत नाही. शिवाय पंपाच्या तोंडाशी दाब टँकपेक्षाही कमी असतो, कारण वाटेत रेडिएटरचा अडथळा आहे. कूलंट उकळीला टेकलं की पहिल्यांदा पंपात वाफ धरते, प्रवाह पडतो, प्रवाह पडल्यानं हेड आणखी तापतं, आणखी वाफ होते. इथून पुढे पाय घसरतो तो मिनिटांच्या हिशेबात. आणि या वेळी मीटर काय दाखवतो? सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवर चढता आकडा. तो वाफेत किंवा रिकाम्या जागेत उघडा पडला की आकडा थबकतो किंवा चक्क खाली येतो. पायलटला वाटतं, सुटलो. चढत गेलेला मीटर पॉवर तशीच असताना अचानक खाली आला तर ती सुटका समजू नका. पॉवर कमी करा, ऑइलचं तापमान बघा (ते चढत असेल तर शंका उरत नाही) आणि उतरण्याची जागा शोधा. ज्या इंजिनांत सेन्सर हेडच्या धातूत बसवलेला असतो तिथे ही फसगत कमी होते. म्हणून आपल्या इंजिनातला सेन्सर धातूचं तापमान मोजतो की कूलंटचं, हे मालकाला पाठ असलं पाहिजे. दोन्हींच्या मर्यादाही वेगळ्या असतात. कूलंटसाठी १२० ची मर्यादा असते, ती वरच्या हिशेबात ठेवून बघा: १३१ ला किंवा उंचीवर १२६ ला उकळी, त्याच्या आत जेमतेम सहा ते अकरा राखीव अंश. मर्यादा हवेतून काढलेली नाही.

हा सगळा धडा विमानवाल्यांनी १९२० ते १९४० च्या दरम्यान महागात शिकला. पहिल्या महायुद्धातली इंजिनं साध्या पाण्यावर, दाबाशिवाय चालत. कूलंटचं तापमान उकळीच्या बरंच खाली ठेवावं लागे, आणि उंचीवर उकळीच खाली येई. रेडिएटर किती मोठा लागतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हवा ३५ ला आणि पाणी ८५ ला असेल तर फरक ५० चा. कूलंट १२० ला नेलं तर ८५ चा. तेवढीच उष्णता टाकायला पहिला रेडिएटर दुसऱ्याच्या पावणेदोन पट लागेल, आणि तो सगळा वाऱ्यात उभा राहून विमानाला मागे ओढणार.

यावर एक मोहक तोडगा निघाला: पाणी उकळूच द्यायचं. वाफेच्या अप्रकट उष्म्याचं (किलोमागे २,२५७ किलोज्यूलचं) गणित बघितलं तर मोह कळतो. १०० अश्वशक्तीच्या इंजिनाची ३० किलोवॅट उष्णता काढायची तर नेहमीच्या पद्धतीनं सेकंदाला लिटरभर कूलंट फिरवावं लागतं आणि ते सात-आठ अंशांनी तापतं. वाफ करून तीच उष्णता काढायची तर सेकंदाला अवघं १३ ग्रॅम पाणी पुरतं! मग रेडिएटरच नको, वाफ पंखांच्या कातडीखाली सोडा, गार करून तिचं पुन्हा पाणी करा, ते परत आणा. रोल्स-रॉइसचं गॉसहॉक इंजिन यासाठीच बनलं, आणि १९३४ मध्ये उडालेल्या सुपरमरीन टाइप २२४ मध्ये पंखाची पुढची कड हाच कंडेन्सर, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणारा भाग, होता. पण १३ ग्रॅम पाणी म्हणजे सेकंदाला २० लिटरांहून जास्त वाफ. ती पाण्यापासून वेगळी काढायची, विमान कलंडलं तरी योग्य बाजूला न्यायची. आणि वाफेचं पुन्हा झालेलं पाणी उकळीला टेकलेलंच असतं, एकही राखीव अंश नाही. पंपानं ते ओढलं, दाब जरासा पडला, की पंपातच त्याची वाफ. टाइप २२४ ला हेच नडलं. जर्मनीत हाइन्केलच्या 'हे १००' या विमानानं पंखांतल्या वाफेच्या शीतनाच्या जोरावर ३० मार्च १९३९ रोजी ताशी ७४६.६ किलोमीटरचा विक्रम केला. विक्रमासाठी ते ठीक होतं. पण अख्खा पंख कंडेन्सर असलेलं विमान लढाईत नेणं म्हणजे कुठेही एक गोळी लागली की इंजिन गेलं.

दुसरा रस्ता ग्लायकॉलचा. अमेरिकेत १९२० च्या दशकातल्या प्रयोगांतून तो निघाला, कर्टिस कॉन्कररसारख्या इंजिनांत वापरला गेला. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाचीही आधी वाफेवर थंड होण्याची योजना होती, ती सोडून ते निव्वळ ग्लायकॉलवर आलं. दाब न देता १२० ला चालवता येतं, रेडिएटर लहान, सगळं छान. फक्त ग्लायकॉलची उष्णता उचलण्याची ताकद कमी, त्यामुळे हेडचा धातू जास्त तापायचा. पाणी जिथे अडतं त्या सांध्यांतूनही ते झिरपायचं, आणि ते पेटतंही. शेवटी मर्लिन १२ पासून, म्हणजे ब्रिटनच्या स्पिटफायर लढाऊ विमानाच्या मार्क २ मध्ये, ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल, पण दाबाखाली, ही पद्धत आली. नंतरच्या मर्लिन ६० मालिकेत लढाईच्या काही मिनिटांसाठी कूलंट १३५ °से.पर्यंत जाऊ द्यायची मुभा होती. तीन बारच्या एकूण दाबाला पाणी १३४ च्या आसपास उकळतं हे आठवलं की त्या इंजिनांत किती दाब धरलेला असायचा याचा अंदाज येतो. आजच्या तुमच्या इंजिनातली व्यवस्था तीच आहे, फक्त दाब कमी.

आता बिनपाण्याचं कूलंट. मुळात हे ग्लायकॉलचंच मिश्रण, उकळी १९० °से.च्या आसपास. फायदा खरा आहे: दाबाची गरज नाही, कॅप गेली तरी फसफसून बाहेर येणार नाही, पंपात वाफ धरणार नाही. विकणारे सांगतात तेही खरं आहे की 'वाफेचा कप्पा' होत नाही. पण वरचा पुलाचा हिशेब त्यात घालून बघा. ग्लायकॉलची उष्णतावाहकता पाण्याच्या ४० टक्क्यांहूनही कमी, विशिष्ट उष्मा दोन-तृतीयांश, चिकटपणा ११५ °से.लाही पाण्याच्या कित्येक पट. सगळं धरून, तेवढ्याच वेगाला त्याचा उष्णतावहन गुणांक निम्म्या मिश्रणाच्या साधारण निम्मा येतो. ८,००० च्या जागी ४,०००. मग ५ लाख वॅटसाठी भिंत कूलंटपेक्षा १२५ अंश वर, म्हणजे २४० कडे निघते. तिला थोपवणारी उकळी आता १३१ ला नाही, १९० ला आहे. म्हणजे भिंत २१० च्या आसपास कुठेतरी स्थिरावणार. निम्म्या मिश्रणात ती १५० ला थांबत होती. हा फरक सर्वांत वाईट जागेचा आहे, सगळ्या हेडचा नव्हे. पण हेडला तडा तिथेच जातो आणि डिटोनेशनचा (इंधनाचं मिश्रण आपोआप एकदम भडकण्याचा) धोकाही तिथल्या उष्णतेनं वाढतो. वर ज्वलनाकडच्या बाजूला आणखी भर पडते: ८ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियममधून ५ लाख वॅट जायला २५-३० अंशांचा उतार लागतोच.

गंमत अशी की हे सगळं होताना कूलंटचा मीटर तुम्हाला फार तर थोडाच जास्त आकडा दाखवेल. म्हणून 'बिनपाण्याचं भरलं आणि मीटर जवळपास तेवढाच आहे' हा पुरावा मी मानत नाही. माझं मत स्पष्ट आहे: इंजिन बनवणाऱ्यानं त्याच्या ताज्या सूचनांत परवानगी दिली असेल आणि त्या कूलंटसाठीची हेडची वेगळी मर्यादा पाळता येणार असेल तरच विचार करा. सिस्टिम झिरपते म्हणून किंवा कॅपवर भरवसा नाही म्हणून ते भरणं हे दुखणं झाकणं आहे. बदलायचंच असेल तर अर्धवट काम करू नका, जुन्या पाण्याचा काही टक्के अंशही राहिला तर उकळी बरीच खाली येते.

त्याऐवजी दोन स्वस्त गोष्टींकडे लक्ष द्या. कॅप ही वापरून संपणारी वस्तू आहे, तिची टेस्टरवर दाबाची तपासणी करा, शंका आली की बदला. आणि पाणी डिस्टिल्डच वापरा. उकळी नेमकी सर्वांत गरम जागी होते, तिथलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे पापुद्रा धरतो तोही नेमका त्याच पुलावर. ०.२ मिमी जाडीचा पापुद्रा धरा, त्याची वाहकता साधारण १ वॅट प्रति मीटर प्रति अंश: ५ लाख वॅटला १०० अंशांचा जादा उतार. एका कागदाच्या दुप्पट जाडीत तुम्ही कूलंटच्या निवडीतली सगळी कमाई घालवून बसता, आणि मीटर यातलं काहीही दाखवत नाही, कारण कूलंटला मिळणारी एकूण उष्णता तेवढीच आहे. इन्हिबिटरची (गंज रोखणाऱ्या रसायनाची) मुदत संपलेलं कूलंटही याच कारणासाठी बदलायचं, रंग चांगला दिसतो म्हणून ठेवायचं नाही.

चढाईतलं ११५ कमी करायचंच असेल तर कूलंटकडे न बघता हवेकडे बघा. चढाईत पॉवर पूर्ण आणि वेग कमी, रेडिएटरला सर्वांत वाईट जोडी. बहुतेक विमानांत रेडिएटर पुरेसा असतो, हवा त्याला टाळून बाजूनं निघून जाते. रेडिएटर आणि डक्ट यांच्यामधल्या फटी बुजवणं, बाहेर पडणाऱ्या वाटेचं तोंड तपासणं, यानं जे साधतं ते मोठ्या रेडिएटरनं साधत नाही. उड्डाणात वेग थोडा वाढवून चढलात तरी फरक दिसेल. जमिनीवर टॅक्सी करताना चढणारा मीटर हा वेगळा प्रकार आहे. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये उजव्या पंखाखालच्या रेडिएटरसमोर चाकाचा पायच यायचा, त्यामुळे पायलटला रांगेत थांबणं परवडत नसे. तुम्हालाही नाकाला वारा लागेल अशी दिशा धरणं आणि रन-अप (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) न लांबवणं एवढंच करता येतं.

राहिली गुरगुर. इंजिन थांबलं की पंप थांबतो, पण हेडचा धातू दीडशेच्या आसपास तापलेला असतो आणि पिस्टन-व्हॉल्व्हमध्ये साठलेली उष्णता आणखी काही मिनिटं हेडमध्ये झिरपत राहते. वाहतं कूलंट नाही, राखीव अंश संपतात, बुडबुडे विरत नाहीत आणि वर टँककडे जायला लागतात. तोच आवाज. थोडं कूलंट ओव्हरफ्लो बाटलीत जातं आणि गार होताना कॅपमधला उलटा व्हॉल्व्ह ते परत ओढून घेतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. उतरल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवलंत तर आवाजही बराच कमी होईल.

मात्र गार इंजिनात बाटलीतली लेव्हल दर वेळी वाढलेलीच राहत असेल, तर कूलंट परत येत नाहीये: उलटा व्हॉल्व्ह अडकलाय, बाटलीतली नळी तळापर्यंत बुडत नाहीये, किंवा त्या नळीला चीर आहे आणि कूलंटऐवजी हवा ओढली जातेय. अशा वेळी बाटली भरलेली दिसते आणि एक्स्पान्शन टँक रिकामा होत जातो. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी, इंजिन पूर्ण गार असताना, कॅप उघडून टँकमध्ये बघा. लेव्हल तोंडापर्यंत असायला हवी. नसेल तर भरा, आणि पुढच्या उड्डाणानंतर गार झाल्यावर पुन्हा बघा. पुन्हा कमी दिसली तर गळती शोधल्याशिवाय उडू नका.